पॉडकास्टचा हेतू बदलला तेव्हा

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करताना मी चालू घडामोडींचा पॉडकास्ट सुरू केला. नोकरी लागल्यावर त्याचे प्रयोजन संपले आणि तीन महिने माइकला हात लावावासा वाटेना. वेळ मिळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. मग किल्लारीजवळच्या आत्याबाईंनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून निघालेला, एका बाजूने चेपलेला पितळी तांब्या समोर ठेवून सांगितलेली आठवण मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, आणि पुढचे काम कोणते हे मला उमगले. जुन्या श्रोत्यांचा निरोप घेणारा स्वतंत्र भाग केला, आठवड्याऐवजी महिन्याला एकच भाग ठरवला आणि श्रोत्यांचे आकडे पाहणे थांबवले. बोलताना आत्याबाई मध्येच गप्प होतात, ती शांतता मी संपादनात कापत नाही.