जुन्या नकाशांतून सॅन फ्रान्सिस्को कसं शोधावं

बे एरियात मुलांकडे गेलेल्या आई-बाबांना गोल्डन गेट पूल दाखवला जातो, केबल कार दाखवली जाते आणि शहर पाहून झालं असं ठरतं. पण १८४७ साली या गावात पाचशे माणसंही नव्हती. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलोमा गावी सोनं सापडलं आणि वर्ष-दोन वर्षांत गावाचं शहर झालं. ते कसं घडलं हे घरबसल्या, फुकट बघता येतं. फक्त एक पथ्य पाळा : आधी जुना किनारा कुठे होता ते ठरवा, बाकी सगळं त्यानंतर.

१. तुकडा छोटा निवडा. अख्खं शहर घेऊ नका. पोर्ट्समथ स्क्वेअरपासून क्ले स्ट्रीटने खाडीपर्यंतचा पट्टा पुरे. गावाची सुरुवातच तिथली.

२. तीन नकाशे उतरवून घ्या. स्विस माणूस व्हियोजे याचा १८३९ चा, मोजणीदार जॅस्पर ओफॅरेलचा १८४७ चा आणि कोस्ट सर्व्हे या किनाऱ्यांची मोजणी करणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याचा १८५३ चा. शोधायला डेव्हिड रम्सी संग्रह (जुन्या नकाशांचा ऑनलाइन संग्रह) आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या दोन जागांपासून सुरुवात करा. नकाशा उघडला की आधी स्वतःला विचारा : हे असलेलं दाखवतोय की व्हायचं असलेलं? ओफॅरेलने रस्ते थेट खाडीच्या पाण्यात नेलेत. ते रस्ते तेव्हा नव्हतेच. ते पाण्यातले प्लॉट होते आणि त्यांचा १८४७ मध्ये रीतसर लिलाव झाला. म्हणजे हा नकाशा निम्मा विक्रीचा कागद आहे. वाळूच्या टेकड्यांवरून आखलेला १२० फूट रुंद मार्केट स्ट्रीटही याच नकाशातला. याउलट कोस्ट सर्व्हेच्या नकाशात उंचसखलपणा, इमारती, धक्के असं खरोखर मोजलेलं सापडतं. विसंबायचं तर त्याच्यावर.

३. आजच्या नकाशावर बसवा. जुना नकाशा नव्यावर चढवण्याची सोय रम्सी संग्रहाच्या साइटवरच आहे. दोन्हीकडचे तेच चौक निवडून खुणा करायच्या. किनाऱ्यावर खूण करू नका, कारण हललाय तोच. कर्नी–क्ले, कर्नी–वॉशिंग्टन, माँटगोमेरी–क्ले हे कोपरे घ्या आणि एखादी खूण लांबची ठेवा. १८५३ चा नकाशा छान बसतो. व्हियोजेचा मात्र बसत नाही, कारण त्याचे रस्ते काटकोनात नव्हते. ते सरळ करायचं काम ओफॅरेलने केलं. तेव्हा व्हियोजेचा नकाशा ओढूनताणून बसवू नका. ती तफावत हाच पुरावा आहे.

आता माँटगोमेरी स्ट्रीट बघा. जुना किनारा जवळपास इथेच होता. त्याच्या पूर्वेचे सॅन्सम, बॅटरी, फ्रंट, डेव्हिस, ड्रम हे सगळे रस्ते भरावावर आहेत.

हा भराव कसा पडला ते नायँटिक जहाजावरून कळतं. १८४९ च्या उन्हाळ्यात हे जहाज आलं आणि खलाशी सोनं शोधायला पसार झाले. मग जहाज उथळ पाण्यात ओढून त्याचं गोदाम केलं. मे १८५१ च्या आगीत वरचा भाग जळाला, खालचा सांगाडा गाळात राहिला आणि त्यावर नायँटिक हॉटेल उभं राहिलं. १९७८ मध्ये क्ले आणि सॅन्समच्या कोपऱ्यावर पाया खणताना तो सांगाडा पुन्हा सापडला. तुमच्या नकाशावर तो कोपरा बघा : जुन्या किनाऱ्यापासून एकच ब्लॉक आत, पाण्यात.

४. चित्रांना दोन तारखा लावा. एक चित्रात दिसणाऱ्या काळाची, दुसरी चित्र काढल्याची. ‘१८४६-४७ चं सॅन फ्रान्सिस्को’ म्हणून सगळीकडे दिसणारं ते देखणं शिळाछाप चित्र छापलंय १८८४ मध्ये, कॅप्टन स्वेझी यांच्या देखरेखीखाली. ‘हे हुबेहूब आहे’ अशी जुन्या रहिवाशांची सही-साक्षही त्यावर आहे. घरं कुठे होती यासाठी ते कामाचं आहे, पण सुमारे ३७ वर्षांनी आठवलेली टापटीप मनावर घेऊ नका.

५. फोटो उलटा आहे का बघा. १८५० च्या सुमाराचे फोटो म्हणजे डॅगेरोटाइप, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे. त्यात डावं-उजवं बहुधा उलटं येतं. दुकानाची पाटी मोठी करून वाचा. अक्षरं उलटी असतील तर फोटो फिरवून घ्या, नाहीतर टेलिग्राफ हिल भलत्याच बाजूला शोधत बसाल. रस्ता ओस दिसला तरी तो ओस होता असं नाही. काही सेकंद स्थिर न राहिलेली माणसं पत्र्यावर उमटत नसत.

१८८० च्या दशकानंतरचं हवं असेल तर सॅनबर्न कंपनीचे विम्याचे नकाशे आहेत. त्यात गुलाबी म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळं म्हणजे लाकडाचं.

आणि या नकाशांत ओलोनी लोक शोधू नका. इथले मूळ रहिवासी तेच, पण प्लॉट विकणाऱ्याने त्यांची नोंद कशाला करावी?

६. मग चालायला जा. फोनवर आजच्या नकाशावर चढवलेला १८५३ चा नकाशा ठेवा आणि पोर्ट्समथ स्क्वेअरवरून क्ले स्ट्रीटने उतरा. माँटगोमेरीच्या आसपास उतार संपून जमीन सपाट होते. सॅन्समच्या कोपऱ्यावर नायँटिकची पाटी आहे. परतताना शेजारचा अरुंद कमर्शियल स्ट्रीट धरा. लाँग व्हार्फ हा लांबलचक धक्का याच रेषेवर होता.