कर्नलमध्ये पेज हाताळताय? मग या चुका टाळा

दर बॅचला तेच. कॉलेजातनं नवीन पोरं येतात, बघता बघता स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बूट करून दाखवतात, स्क्रीनवर हॅलो आलं की लगेच स्टेटस टाकतात, आणि मग मेमरी मॅनेजरला, म्हणजे रॅमचे ठरावीक आकाराचे तुकडे (पेजेस) वाटणाऱ्या कोडला, हात घालतात. तिथून पुढे माझं बीपी वाढतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे स्ट्रक्ट पेजमध्ये (पेजची माहिती ठेवणारी नोंद) वाट्टेल ते कोंबणं. "सर, एकच फील्ड आहे, आठच बाइट." अरे बाबा, ते स्ट्रक्ट रॅममधल्या प्रत्येक पेजमागे एक असतं. 16 जीबी रॅम, 4 केबीचं पेज, म्हणजे जवळपास 42 लाख पेजेस, तुझे आठ बाइट झाले 32 एमबी, आणि अजून कामाला सुरुवातही नाही. लिनक्समध्ये 64 बिटवर हे स्ट्रक्ट साधारण 64 बाइटचं असतं, तेवढ्यालाच 256 एमबी जातात, म्हणून तिथे युनियनमध्ये युनियन (एकाच जागेत आलटून पालटून वेगवेगळी फील्डं) घालून फाइल कॅश, स्लॅब (छोट्या ऑब्जेक्टसाठीची पेजेस), पेज टेबल (व्हर्च्युअल पत्ता कुठल्या फिजिकल पेजवर जातो त्याचा तक्ता) सगळ्यांचा हिशोब त्याच जागेत बसवत आलेत. पोरं म्हणतात किती घाण कोड. घाण आहेच, पण का आहे ते तरी बघा. माझ्याकडे नवीन फील्ड मागायला आलात तर आधी कागदावर गुणाकार, निम्मे तिथेच गप्प होतात.

हेड-टेलचा घोळ: 2 एमबीच्या पेजमध्ये 4 केबीची 512 पेजेस, पहिलं हेड, बाकीची टेल, रेफकाउंट (पेज किती जण वापरतायत तो आकडा) फक्त हेडवर, आणि फंक्शनला आलेला पॉइंटर नेमका कुठला हे कुणालाच माहीत नाही. लिनक्समध्ये हे निस्तरायला मॅथ्यू विलकॉक्सचा फोलिओ हा वेगळा टाइप आला, 5.16 मध्ये, जानेवारी 2022 ला. फोलिओ हातात आहे म्हणजे तो टेल नाही, विषय संपला. तुम्ही नव्याने लिहिताय ना, मग पहिल्यापासून दोन टाइप वेगळे ठेवा, नंतर करू म्हणणाऱ्यांनी नंतर केलेलं मी बघितलेलं नाही.

आता माझी लाडकी चूक. टीएलबी (पेज टेबलच्या एंट्रीज लक्षात ठेवणारी प्रत्येक कोअरची कॅश) फ्लश व्हायच्या आधी पेज फ्री करणं.

गोरेगावच्या ऑफिसात एका ज्युनिअरने अनमॅपचा कोड लिहिला, पेज टेबलमधली एंट्री पुसली, पेज फ्री केलं, आपल्या कोअरवर इन्व्हलपीजी (टीएलबीतली एंट्री काढणारी इन्स्ट्रक्शन) मारलं, झालं. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये एक सीपीयू देऊन टेस्ट, सगळं हिरवंगार. आठ कोअरच्या एक्स८६ मशीनवर टाकलं तर कधी तासाने, कधी रात्रभर चालून क्रॅश, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. साहेबांनी काय करावं? गेट पेज टाकून रेफकाउंट एकने वाढवला. क्रॅश गेला. जाणारच, पेज कधी फ्रीच होत नव्हतं! दोन दिवसांनी मशीन मेमरी संपून आडवं.

फ्री होताना प्रत्येक पेज 0xaa ने भरायचं आणि परत देताना तपासायचं असं लावलं, तेव्हा कुठे दिसलं की फ्री झालेल्या पेजमध्ये मधेच आठ बाइट कुणीतरी लिहून गेलंय. दुसऱ्या कोअरच्या टीएलबीत जुनी एंट्री शिल्लक होती. भाडेकरूने फ्लॅट सोडला पण किल्ली परत घेतली नाही, आणि नवीन माणूस राहायला आला, तसलं प्रकरण. त्यात ते पेज नंतर पेज टेबल म्हणून दिलं गेलं तर मग बघायलाच नको. एक्स८६ वर साधारणपणे बाकीच्या कोअर्सना आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला दिलेला इंटरप्ट) पाठवावा लागतो, सगळ्यांनी फ्लश केल्याचं कळेपर्यंत थांबायचं, मग फ्री. दर पेजला आयपीआय महाग पडतो, म्हणून पेजेस गोळा करून एकदाच फ्लश करा, लिनक्सचं एमएमयू गॅदर हेच करतं.

बाकीच्या चुका पटापट. 4096 हातानं लिहू नका, आर्म64 वर पेज 16 किंवा 64 केबीचंही असतं. फिजिकल आणि व्हर्च्युअल अॅड्रेस दोन्ही अनसाइन्ड लाँग ठेवले की एक दिवस अदलाबदल होणारच, वेगळ्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळा, कंपायलर फुकटात ओरडतो. स्पिनलॉक (धरल्यावर झोपता येत नाही असं लॉक) धरून जीएफपी कर्नलने (ही मागणी मेमरीची वाट बघत झोपू शकते) पेज मागू नका. ज्या ऑर्डरने (एकदम किती पेजेस, 2 च्या घातात) घेतलं त्याच ऑर्डरने परत करा.

आणि क्यूईएमयूला चार सीपीयू द्यायला एक फ्लॅग लागतो हो, पॅच पाठवायच्या आधी तेवढा टाकत जा.