दिवाळीनंतर मुंबईहून मनालीला गाडीने निघताय? या चुका टाळा

पाऊस सरला आणि दिवाळीला जोडून सुट्टी मिळाली की मुंबईतून कितीतरी कुटुंबं स्वतःच्या गाडीने हिमाचलला निघतात. हे दिवस त्यासाठी खरोखर छान आहेत. फसगत होते ती तयारीत. गाडी सज्ज होते मुंबईच्या हवेसाठी, आणि वाटेत तिला गुजरातचं ऊन, हरियाणात भाताचा पेंढा जाळल्याचा धूर आणि वर गोठवणारी थंडी, हे सगळं आठवड्याभरात सोसायचं असतं.

सगळ्यात महागात पडते ती कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, हयगय. मुंबईत कूलंट कमी झालं की साधं पाणी ओतून भागवलं जातं आणि लगेच काही बिघडतही नाही, कारण इथे थंडीच पडत नाही. मनालीत नोव्हेंबरच्या रात्री पारा शून्याला टेकतो. अटल बोगद्यापलीकडे, लाहौलमधल्या सिस्सू, केलाँगला तो बराच खाली जातो. पाणी गोठलं की फुगतं, आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. बॉनेट उघडा, कूलंटची टाकी बघा. रंग उडून पाणचट दिसत असेल तर वरून भर घालू नका, सगळंच बदलून घ्या. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साधारण उणे 35 अंशांपर्यंत टिकतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. काचेवर फवारायच्या पाण्याची टाकीही विसरू नका, तीही गोठते.

वाटेत तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी उसळून हात-तोंड भाजतं. अर्धा तास थांबाच.

टायरची नुसती नक्षी बघून समाधान मानू नका. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलं. सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र कडक होऊन चिरलेलं असतं. स्टेपनीतली हवाही आत्ताच तपासा.

आता अंतर. मुंबई-उदयपूर सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. ते एका दिवसात होतं असं सांगणारे खूप भेटतील, पण घरची मंडळी सोबत असताना मी हा सल्ला कुणालाच देणार नाही. सकाळी आठला निघालात तर दहिसर, फाउंटन, विरार फाटा करत मनोरपर्यंतच सकाळ संपते. पहाटे चारला निघा, पहिला मुक्काम बडोदा किंवा अहमदाबादला करा. उत्तरेत दिवस लवकर मावळतो हेही ध्यानात ठेवा: नोव्हेंबरात मुंबईत सहाला सूर्यास्त होतो, चंदीगडला साडेपाचच्या आधीच. त्यानंतर बिनदिव्याचे ट्रॅक्टर, कडेला उभे ट्रक, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि राजस्थानात मध्येच आडवी येणारी गुरं. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम मोडू नका.

जयपूरहून पुढे दिल्लीत शिरण्याची गरज नाही. प्रदूषण वाढून ग्रॅपचा, म्हणजे तिथल्या टप्प्याटप्प्याच्या प्रदूषण-निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला की बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेल (धुराच्या जुन्या मानकांच्या) गाड्यांवर बंदी येते. कोटपुतलीहून नारनौल गाठा आणि 152डी महामार्गाने थेट अंबाल्याच्या बाजूला निघा. गुजरातेत दारूबंदी आहे. दमणची सीलबंद बाटलीसुद्धा डिकीत नको. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) झाली आहे ना बघा, आणि पहाडात पेट्रोलवरच चालायचं असं धरून चाला.

मंडी ते मनाली हा पट्टा 2023 आणि 2025च्या पावसाळ्यात पुराने आणि दरडींनी फार खचला. तिथली ताजी स्थिती निघायच्या सकाळी विचारून घ्या. परतीच्या उतारावर मुंबईकर हमखास एक चूक करतात: पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग पाय दाबला तरी गाडी नीट थांबत नाही. दुसरा-तिसरा गिअर टाका, इंजिनला गाडी धरू द्या. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर हाताने निवडा. वास आलाच तर सपाट, मोकळी जागा बघून थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

2020 साली सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे लाहौल आता हिवाळ्यातही जवळ आलं आहे. पण ताजा बर्फ पडला की मनालीच्या वर पोलीस फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. तेव्हा हुज्जत घालू नका. गाडी हॉटेलवर ठेवा आणि तिथलाच ड्रायव्हर असलेली फोर बाय फोर टॅक्सी करा.