चरित्र अभिनेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी : एर्लंड योसेफसन यांच्या निमित्ताने

फिल्म सोसायटीत एखाद्या नटावर टिपण वाचायचे ठरले की बहुतेक जण त्याच्या गाजलेल्या भूमिकेला हात घालतात. चरित्र अभिनेत्याच्या बाबतीत ही वाट फसवी ठरते, कारण त्याची कमाई दुय्यम भूमिकांत आणि रंगभूमीवर विखुरलेली असते. स्वीडनचे एर्लंड योसेफसन (१९२३–२०१२) यांची कारकीर्द अभ्यासाला घेतली, तर हे लवकर ध्यानात येते.

प्रथम नाटकांची सनावळी मांडावी आणि चित्रपट तिच्या शेजारी लिहावेत. योसेफसन नाट्यशाळेत शिकलेले नव्हते. हौशी रंगभूमीवर त्यांची स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्याशी गाठ पडली. पुढे हेल्सिंगबोर्ग आणि गोथेनबर्ग येथे उमेदवारी करून १९५६ मध्ये ते स्टॉकहोमच्या ‘ड्रामाटेन’ या राष्ट्रीय नाट्यगृहात आले आणि १९६६ ते १९७५ या काळात, बर्गमन यांच्यानंतर, त्याचे प्रमुख राहिले. त्या वर्षांतील चित्रपटांत ते उमराव, वास्तुविशारद, डॉक्टर अशा मोजक्या प्रवेशांच्या भूमिकांत का दिसतात, याचे निदान अर्धे उत्तर या कारभारात असावे, असे मला वाटते.

यानंतर एकच भूमिका दोन वयांत पाहावी, आणि इथे घाई करू नये. बर्गमन यांची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ (१९७३) ही मूळची सहा भागांची दूरदर्शन मालिका आहे. तिच्या आरंभी मुलाखतकार बाई योहानला (योसेफसन) स्वतःविषयी विचारते, तेव्हा तो स्वतःचे गुण असे घडाघडा सांगतो की ऐकणाऱ्याला हसू यावे, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, मारियानला (लिव्ह उलमन), मात्र स्वतःबद्दल काय सांगावे ते सुचत नाही. तीस वर्षांनी, ‘साराबांड’मध्ये (२००३), तोच योहान रात्री भयाने थरथरत तिच्या दाराशी येतो. हे दोन प्रवेश लागोपाठ पाहावेत. शक्य तर दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे उपशीर्षकांत अडकलेली नजर चेहऱ्याकडे वळते.

मग दिग्दर्शक बदलून पाहावे. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्की यांच्या ‘नोस्टाल्जिया’त (१९८३) योसेफसन यांचा दोमेनिको तळहातावर तेलाचे दोन थेंब घेतो आणि त्यांचे दोन नव्हे, एक मोठा थेंब होतो, असे शांतपणे सांगतो. वेडसर माणूस रंगवताना आवाज चढवण्याचा मोह किती नटांना टाळता आला असता? ग्रीक दिग्दर्शक अँगेलोपूलोस यांच्या ‘युलिसिस गेझ’मध्ये (१९९५) चित्रीकरण सुरू असतानाच इटालियन नट जान मारिया व्होलोन्ते यांचे निधन झाल्याने साराजेव्होच्या चित्रपट संग्रहपालाची भूमिका योसेफसन यांच्याकडे आली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांना पाहिलेल्या पुणेकरांना ही व्यक्तिरेखा परकी वाटणार नाही.

रंगभूमीचा भाग सर्वांत कठीण, कारण प्रयोग संपला की उरतात छायाचित्रे, परीक्षणे आणि आठवणी. विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाताना भूमिकांची यादी सोबत न्यावी. नुसते नाव घेऊन गेल्यास दिवस मोडतो. डॉ. श्रीराम लागू यांचे नाटक ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि ज्यांनी केवळ चित्रपट पाहिले, त्यांच्या बोलण्यात केवढा फरक पडतो, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. म्हणून टिपणात स्वतः पाहिलेल्या भूमिका आणि पीटर ब्रूक यांनी बसवलेल्या चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ नाटकातील गायेवसारख्या केवळ वाचून कळलेल्या भूमिका वेगळ्या परिच्छेदांत ठेवाव्यात, आणि दुसऱ्या प्रकारच्या भूमिकांना विशेषणे लावू नयेत.