पाला घरात, फांद्या टेम्पोत: बागेच्या कचऱ्याचा खर्च आटोक्यात कसा ठेवाल?

माळी कुंपणाची मेंदी छाटतो, आंब्याच्या खालच्या फांद्या उतरवतो, पैसे घेतो आणि ढीग फाटकाशी लावून निघून जातो. खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातली घंटागाडी बादलीभर पाला घेते, फांद्या घेत नाही. बोगनवेलीला तर कोणी हात लावत नाही, आणि काटे पाहता ते साहजिकच आहे.

माझी पुतणी इंग्लंडात असते. तिकडे घरचा कचरा कौन्सिल टॅक्समध्येच, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या करातच, उचलला जातो, पण बागेच्या कचऱ्याचे वेगळे पैसे घ्यायची मुभा 2012 च्या नियमांनी कौन्सिलला दिली आहे. बऱ्याच ठिकाणी वर्षाची वर्गणी भरायची, की चाकांचा डबा दारातून रिकामा होतो. त्यात गवत, पाला, बारीक फांद्या चालतात. माती, दगड किंवा प्लास्टिक दिसलं तर डबा तसाच ठेवून जातात. ऐकून आपल्याला नवल वाटतं. पण पैसे आपणही भरतो, फक्त पावती नसते: थोडे माळ्याला, थोडे टेम्पोवाल्याला, थोडे चहापाण्याला. वर्षभर हे एका वहीत लिहून ठेवा, आकडा बघून तुम्हीच पाल्याकडे वेगळ्या नजरेने पाहाल.

ढीग पडला की आधी तो निवडा. पाला आणि गवत एकीकडे, करंगळीएवढ्या काटक्या दुसरीकडे, मनगटाएवढ्या फांद्या तिसरीकडे. बाहेर न्यायला पैसे द्यायचे ते फक्त तिसऱ्या ढिगाचे आणि काट्यांचे.

पाल्यासाठी खड्डा नको, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. कोंबडीची जाळी आणा, तिचं कमरेएवढं उंच, हात पसरला तर पलीकडे पोचेल इतपत रुंद कडं करा आणि झाडाच्या सावलीत मातीवरच ठेवा. तळाला काटक्या टाका, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर वाळका पाला, मग थोडी माती किंवा जुनं खत, वरून शेणाचं पाणी. शेण मिळत नसेल तर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडा. मूठभर पाला दाबून पाहा: हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. हिरवळीचं ताजं गवत मात्र जाड थरात कधीच घालू नका. त्याचा लगदा होतो, आत हवा जात नाही आणि असा वास सुटतो की शेजारच्या वहिनी खिडकी लावून घेतात. त्याचे पातळ थर द्या, मधे मधे वाळका पाला.

आंब्याची आणि अशोकाची पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. ती आधी पोत्यात भरून पायाने तुडवा. एवढं केलं की पानगळीत भरलेलं कडं दिवाळीच्या आसपास कुंड्यांना घालण्याजोगं होतं. बी धरलेलं गाजरगवत आणि पिठ्या ढेकूण लागलेल्या जास्वंदीच्या फांद्या त्यात टाकू नका, नाहीतर तीच पीडा खतातून सगळ्या बागेत जाते. माडाच्या झावळ्यांच्या हिरांचा खराटा करा, विकतच्यापेक्षा टिकतो.

जाळणं हा उपाय नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं आणि उघड्यावर जाळायला मनाई केली. त्याच वर्षी हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. रात्री गुपचूप नासर्डी नदीत लोटणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! पाऊस आला की तोच पाला पुलाखाली अडकतो.

उरल्या जाड फांद्या. छाटणी ठरवताना माळ्याला आधीच विचारा, ‘नेण्यासकट किती?’ काम झाल्यावर विचारलं की भाव त्याचा. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, सगळ्या नाशिकला एकदम छाटणी आठवते आणि छोटा हत्तीवाल्याचा भाव चढतो. म्हणून पानगळ सरली की लगेच उरका. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी छाटणी ठेवली तर एकाच फेरीत भागतं आणि भाडं वाटून जातं. फांद्या हात-दीड हात लांबीच्या करून सुतळीने मोळ्या बांधा. सुट्या फांद्यांनी टेम्पो नुसता हवेनेच भरतो, आणि भाडं पूर्ण टेम्पोचं द्यावं लागतं. कुठे टाकणार तेही विचारून घ्या. ‘बघतो कुठेतरी’ असं उत्तर आलं तर दुसरा गाडीवाला शोधा.

झाड तोडायचं किंवा मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तर कोयता नंतर, अर्ज आधी. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड आपल्या अंगणातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या, सोबत झाडाचा फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.