घरात पिल्लं वाढवताना पहिला आठवडा आणि अस्सल कडकनाथ ओळखायची भानगड

खोका, भाताचं तूस, पाण्याचं भांडं, चिक मॅश (पिल्लांचं तयार खाद्य) हे सगळं तुम्ही आणलंय असं धरूनच लिहितोय, त्यावर ढिगाने व्हिडिओ आहेत आणि सगळे तेवढंच सांगून लाईक मागतात. पिल्लं मरतात ती पहिल्या आठवड्यात, तीही रात्री, त्याबद्दल कोणी नीट बोलत नाही.

पण आधी पिल्लं आणायची कुठून ते बघू.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागातला, भिल्ल-भिलालांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला, तिकडे त्याला काली मासी म्हणतात. 2018 ला त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची हॅचरी आहे, तिथून पिल्लं मिळाली तर उत्तम, पण नंबर लावून थांबायची तयारी ठेवा. वाट बघवत नाही म्हणून लोक आठवडी बाजारातून किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीतून "शंभर टक्के प्युअर" उचलतात आणि तिथेच फसतात.

एक दिवसाच्या पिल्लाच्या रंगावरून जात ठरत नाही, हे डोक्यात पक्कं करा. काळेपणाचा गुण जोरकस असतो, कडकनाथ कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला तरी पिल्लांत बऱ्यापैकी काळपट रंग उतरतो आणि विकणारा तीच पिल्लं तुम्हाला कडकनाथ म्हणून विकतो. म्हणून पिल्लं बघू नका, त्यांचे आईबाप बघायला मागा. तुरा, जीभ, चोच, पाय सगळं काळपट पाहिजे, आणि एकदोन निवडक पक्षी नाही तर अख्खा कळप तसा पाहिजे. लालभडक तुरे दिसले की चहा पिऊन परत या. उलट मानेवर सोनेरी किंवा पांढुरकी पिसं दिसली म्हणून लगेच भेसळ म्हणू नका, जेट ब्लॅक, पेन्सिल आणि गोल्डन असे तिन्ही प्रकार अस्सलच आहेत. आणि कोणी काळ्या अंड्यांचे फोटो पाठवले तर नंबर ब्लॉक करा, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, क्रीमसारखं असतं.

वनराजा, गिरिराजा या शुद्ध जाती नाहीत, हैदराबाद आणि बंगळुरूला संकर करून तयार केलेले पक्षी आहेत. चांगले आहेत, काटक आहेत, पण त्यांचीच अंडी उबवायला घालून पुढची पिढी तशीच निघेल या भ्रमात राहू नका. परसात चार अंडी हवीत एवढंच असेल तर सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, पुण्यात खडकीला आहे, जातीचा नाद कशाला. आणि "पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो" अशी स्कीम कोणी घेऊन आला तर 2019 ला सांगली-कोल्हापूरकडे अशाच स्कीममध्ये शेतकऱ्यांचे पैसे कसे अडकले ते आठवा.

प्रवासाचं टेन्शन घेऊ नका. पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर दोन दिवस निभावतं. घरी आल्यावर प्रत्येकाची चोच एकदा गूळपाण्यात बुडवा, दोनतीन तासांनी मक्याचा बारीक भरडा टाका, झालं.

आता ऊब.

माझी पहिली बॅच पंचवीस कडकनाथची, जानेवारी महिना, टीव्हीचा चौकोनी खोका आणि वर शंभरचा एकच बल्ब. तिसऱ्या रात्री कधीतरी बल्ब उडाला. सकाळी बघतो तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, वरची जिवंत आणि खालची नऊ चपटी. मी सगळ्यांना थंडीने मेली म्हणून सांगत होतो, पण तसं नव्हतं, गार वाटलं म्हणून ती कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. दोन चुका माझ्याच होत्या, खोक्याला कोपरे होते आणि बल्ब एकच होता.

म्हणून कोपरा नकोच. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या जोडून दीड फूट उंचीचं गोल कडं करा, पंचवीस पिल्लांना तीन फूट रुंदीचं पुरतं. बल्ब दोन लावा, साठ-साठचे, एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत तारून नेतो. पिल्लामागे दोन वॅट असा हिशोब सांगतात तो बंद खोलीत ठीक आहे, पण तेवढ्यावर हिवाळ्यात भरवसा ठेवू नका. आणि बल्ब जुना, पिवळा, तारेचा पाहिजे. एलईडी लावून "उजेड तर भरपूर आहे" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात, अरे उजेडाने पिल्लं उबतात का! बल्ब वायरला लोंबकळत ठेवू नका, वेगळ्या तारेने वर पक्का बांधा, तुसावर पडला तर पिल्लांसकट घर पेटेल.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 35 डिग्री लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी करत जायचं, त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा. थर्मामीटर लावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. बल्बखाली गर्दी करून मोठ्याने चिवचिवतायत म्हणजे गार पडतंय. कड्याला चिकटून पंख पसरून चोच उघडी टाकून बसलीत म्हणजे भाजतंय. सगळी एकाच बाजूला सरकलीत म्हणजे दुसरीकडून वारा येतोय, बहुतेक दाराखालच्या फटीतून. सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीत, आवाज बारीक, हे बरोबर. मी रात्री अकराला आणि पहाटे चारला उठून बघतो, आणि सुरुवातीचे पाच दिवस हे करायचं नसेल तर सरळ महिन्याची पिल्लं विकत घ्या.

जास्त ऊबही मारते. नऊ मेल्याच्या धसक्याने दुसऱ्या बॅचला मी दोनशेचा बल्ब ठोकला, पिल्लं धापा टाकायला लागली, पाणी पिऊन पिऊन हगवण आणि बुडाला शी चिकटून वाट बंद. अशी चिकटलेली दिसली तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका, कातडी सोलते. एप्रिल-मेमध्ये तर दिवसा बल्ब बंदच लागतो.

लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या मोज्यांत घालून कड्यात ठेवा आणि वरून अर्ध्या भागावर गोणपाट टाका, पूर्ण झाकू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणी सांगितली तर त्याचं ऐकू नका, त्या धुराने पिल्लं जातातच, माणसंही गेलीत.

तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय घसरून कायमचे फाकतात, गोणपाट किंवा खडबडीत पुठ्ठा टाका आणि तीनचार दिवसांनी काढून घ्या. पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर एखादं बुडतंच. ओलं तूस रोज काढा, ओलीत रक्ती हगवण येते आणि मग पिल्लं पटापट जातात.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास, मग लासोटाचा बूस्टर चौथ्या आठवड्यात. हळदपाणी, लसूण हे लसीच्या जागी चालत नाही, कोणीही सांगू दे. बाटली शेकड्याने डोसांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे गल्लीतल्या अजून कोणाकडे त्याच वयाची पिल्लं असतील तर मिळून घ्या, बर्फात आणा. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर नीट सांगतात.

झोपायच्या खोलीत पिल्लं ठेवू नका, दुसऱ्या आठवड्यापासून धूळ आणि वास दोन्ही सुरू होतं. हात साबणाने धुवा, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

पाचसहा आठवड्यांनी अंगभर पिसं आली की खुराड्यात हलवा. तिथेही पहिल्या रात्री ती कोपऱ्यात ढीग करतातच, जुनी सवय. अंधार पडताना टॉर्च घेऊन जा, एकेक उचलून दांडीवर बसवा, आठवडाभर रोज, कंटाळा आला तरी. नंतर आपणहून चढायला लागतात.