विमान येतंय हे आवाजावरून ओळखणारा सेन्सर घरी बनवायचाय? नव्यांसाठी माझा अनुभव

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट काय घेऊ असं ज्युनिअर मुलं विचारतात तेव्हा मी हाच सुचवतो, कारण खर्च कमी आहे आणि सिग्नल प्रोसेसिंगचं पुस्तकातलं जवळजवळ सगळं यात हाताने करून बघता येतं. मी हा घाटकोपरला गच्चीवर केला. मुंबईत उतरणारी बहुतेक विमानं धावपट्टी २७ साठी पूर्वेकडून येतात, म्हणजे आमच्या डोक्यावरून, त्यामुळे सॅम्पलची कमी नाही. तुम्ही विमानतळापासून लांब राहत असाल तरी जमेल, फक्त धीर जास्त लागेल.

आधी सामान. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, साउंड सेन्सर मागितला की दुकानदार बहुतेक वेळा ते छोटं निळं स्क्रू असलेलं मॉड्यूल देतो, ते घेऊ नका. त्याचा डिजिटल पिन फक्त आवाज मोठा झाला की नाही एवढंच सांगतो, विमान आणि कुकरची शिट्टी त्याला सारखीच. आयएनएमपी४४१ हा डिजिटल माइक घ्या आणि सोबत ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. आर्डुइनो युनोमध्ये रॅम फक्त २ केबी, त्यात मोठा एफएफटी (आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये फोडणारं गणित) बसत नाही. माइक ३.३ व्होल्टवर चालतो, आवाज आत जायचं भोक बोर्डच्या मागच्या बाजूला असतं, ग्लू गन वापरताना ते बुजणार नाही एवढं बघा. डेटाशीटमध्ये ९४ डेसिबलला उणे २६ डीबीएफएस (माइकच्या कमाल डिजिटल पातळीपेक्षा २६ डेसिबल खाली) दिलंय, म्हणजे महागडा मीटर नसला तरी डेसिबलचा बऱ्यापैकी अंदाज काढता येतो.

माइक पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात तोंड खाली करून बसवा आणि त्यावर फोम लावा. हे टाळू नका, कारण गच्चीवरचा वारा थेट माइकवर आदळला की खालच्या फ्रिक्वेन्सीत एवढा गोंधळ होतो की विमान त्यात पूर्ण बुडून जातं, आणि हा गोंधळ कोडमध्ये नंतर काढता येत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडपासून लांब राहा.

आता मुख्य गोष्ट. पहिले काही आठवडे डिटेक्शनचा कोड लिहूच नका, फक्त आवाज गोळा करा. १६ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १६ हजार सॅम्पल घेत, रेकॉर्ड करा, सोबत फोनवर फ्लाइटरडार२४ हे विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप चालू ठेवा आणि कुठलं विमान कधी कुठे होतं ते वहीत लिहा. रिक्षा, लोकल, मिक्सर, पंप, फटाके, सगळ्यांना लेबल द्या. कंटाळवाणं आहे मान्य, पण पूर्ण प्रोजेक्ट या डेटावर उभा राहतो. नेटवरून उचललेल्या रेकॉर्डिंगवर शिकवलेलं मॉडेल आपल्या गच्चीवर चालत नाही, कारण तिथली पार्श्वभूमी वेगळी असते.

त्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात होती याचं चित्र, काढून बघा, मजा येते. एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाच्या आताच्या मॉडेलमध्ये प्रॉपेलरला सहा पाती, मिनिटाला १२०० फेरे असतील तर सेकंदाला २० गुणिले ६ म्हणजे १२० हर्ट्झवर ठळक रेघ दिसते. विमान जवळ येताना डॉप्लरमुळे (आवाजाचा स्रोत हलत असला की सूर बदलतो) ही रेघ वर सरकलेली असते आणि डोक्यावरून गेलं की खाली घसरते. मेन्सची म्हणजे घरातल्या विजेची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर असते, पण ती जागची हलत नाही, त्यामुळे वेगळी काढता येते. जेटला अशी स्पष्ट रेघ कमी दिसते, पसरलेला घोंगाट जास्त. हेलिकॉप्टरच्या मोठ्या पंख्याचा मूळ सूर साधारण १० ते ३० हर्ट्झमध्ये येतो आणि हा माइक ६० च्या खाली नीट ऐकत नाही, तिथे वरच्या हार्मोनिक्सवरूनच (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरांवरून) ओळखावं लागतं.

पण येतंय हे ओळखणं ही खरी परीक्षा. हवा वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त शोषते, म्हणून लांबच्या विमानाची आधी फक्त घरघर पोचते आणि ते जवळ येईल तसा वरचा सुसाट आवाज त्यात मिसळत जातो. रिक्षा काही सेकंदांत येऊन जाते, विमानाचा आवाज सावकाश चढतो. म्हणून मी दोन पट्टे धरले, ८० ते ४०० हर्ट्झ आणि १ ते ३ किलोहर्ट्झ, मागच्या पाच मिनिटांच्या मीडियनशी (मधल्या किमतीशी) तुलना केली, आणि खालचा पट्टा ६ डेसिबलने वर जाऊन सलग आठ सेकंद चढत राहिला व मागोमाग वरचाही उठला तरच अलार्म. लोकल यात कधीकधी घुसते, पण ती जवळ असल्याने तिचा वरचा पट्टा सुरुवातीलाच मोठा असतो. २०४८ पॉइंटचा एफएफटी पुरतो, एक बिन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा, ७.८ हर्ट्झचा होतो.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३ किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तुमच्याकडे जवळपास ९ सेकंद उशिरा येतो आणि तेवढ्यात सेकंदाला ७० मीटर वेगाने ते सहाशेहून जास्त मीटर पुढे सरकलेलं असतं. ब्रिटनने १९२० आणि ३० च्या दशकांत आग्नेय किनाऱ्यावर लांबच्या विमानांचा आवाज गोळा करायला काँक्रीटचे प्रचंड ध्वनी आरसे बांधले, केंट परगण्यातल्या डेंजमधली एक वक्र भिंत तर २०० फूट लांब आहे, आणि विमानांचा वेग वाढला तसा इशाऱ्याचा वेळ कमी होत गेला, मग रडार आलं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हा मुद्दा हमखास निघतो, आकडेमोड करून जा.

पुढे दिशा काढायची असेल तर दुसरा माइक त्याच बसवर (त्याच डेटा वायरींवर) जोडा, एकाचा एल-आर (डावा-उजवा निवडायचा) पिन ग्राउंडला आणि दुसऱ्याचा ३.३ ला, दोन्ही आपोआप सिंक होतात. एक मीटर अंतर ठेवलं तर दोन्हीकडे आवाज पोचण्यात जास्तीत जास्त फरक २.९ मिलिसेकंद म्हणजे साधारण ४६ सॅम्पल, क्रॉस कोरिलेशनने, म्हणजे एक सिग्नल दुसऱ्यावर सरकवून कुठे जुळतो ते बघून, तो निघतो. बोर्ड मधोमध ठेवा म्हणजे वायरी आखूड राहतील.

आणि प्लीज, लेबलिंगचं काम संपलं की कच्चा आवाज साठवणं बंद करा. शेजाऱ्यांचं बोलणं त्यात येतं. फक्त पट्ट्यांचे डेसिबल आणि वेळ सेव्ह करा, डिटेक्शनला तेवढंच लागतं. सोसायटीची परवानगी मागताना हे आधीच सांगितलं की सेक्रेटरीसुद्धा लवकर हो म्हणतात. संरक्षण दलांच्या तळाजवळ राहत असाल तर मात्र हा प्रयोग तिथे करू नका, कॉलेजच्या गच्चीवर न्या.